क्ष आणि य यांची छत्री

डेस्मॉस किंवा जिओजेब्रा हे आलेख काढणारं ॲप उघडा. दोन्ही फुकट आहेत, मोबाइलवरही चालतात. य = क्ष² (तिथे y = x²) टाइप केलं की पॅराबोला, म्हणजे वाटीसारखा वक्र, उमटतो. त्यातून आपल्याला छत्री काढायची आहे.

उणे चिन्ह लावून तो आधी उलटा करा. अंगाने फार अरुंद दिसतो, म्हणून क्ष² ला ४ ने भागा आणि ४ मिळवून वर उचला: य = ४ − क्ष²/४. घुमट झाला, पण त्याच्या दोन्ही बाजू खाली धावतच सुटतात. त्यांना आवर घालते −४ ≤ क्ष ≤ ४ ही अट. शाळेत अशी अट उत्तराच्या शेवटी नाइलाजाने लिहिली जाते. इथे मात्र तीच कात्री होते, आणि मला तर या कामातला सगळ्यात सुंदर भाग हा काटछाटीचाच वाटतो.

छत्रीच्या खालच्या कडेला कमानी हव्यात. त्यासाठी त्याच मर्यादेत य = ०.५ × |साइन(πक्ष/२)| लिहा, कोन रेडियनमध्ये ठेवून. साइनची लाट अक्षाच्या वर-खाली फिरते. दोन उभ्या रेघांमध्ये लिहून केवळ मूल्य घेतलं की खालचे भाग वर उलटतात. प्रत्येक कमान २ एकक रुंद, म्हणून घुमटाखाली बरोबर ४ बसतात.

दांडा उभा आहे आणि उभी रेघ हे फलन नव्हे, कारण फलनात एका क्ष ला एकच य मिळतो. म्हणून सरळ क्ष = ० लिहायचं आणि अट य वर घालायची: −४ ≤ य ≤ ०. मूठ म्हणजे अर्धवर्तुळ: य = −४ − √(१ − (क्ष − १)²). इथे बरेच जण अडखळतात. क्ष मधून १ वजा केला, मग आकार उजवीकडे का सरकला? कंस शून्य व्हायला आता क्ष १ असावा लागतो. जे आधी ० वर घडत होतं, ते १ वर घडू लागलं. याच कारणाने क्ष च्या जागी क्ष/२ लिहिलं की चित्र आक्रसत नाही, दुप्पट रुंद होतं.

शेजारी दुसरी छत्री हवी असेल तर सगळीकडे क्ष च्या जागी क्ष − १० लिहा, अटींमध्येसुद्धा. अट जुनीच राहिली तर घुमटाऐवजी खाली कोसळणारी नुसती एक बाजू दिसते.

वाऱ्याने छत्री कलंडली, तर मात्र एवढ्याने भागत नाही. कललेल्या घुमटात एकाच क्ष वर दोन य येऊ शकतात. तेव्हा क्ष आणि य दोन्ही तिसऱ्या चलावरून, समजा ट वरून, काढावे लागतात: कोन θ असेल तर क्ष = ट कोसाइन θ − फ(ट) साइन θ, आणि य = ट साइन θ + फ(ट) कोसाइन θ. फ म्हणजे आपलं मूळ घुमटाचं सूत्र, आणि −४ ते ४ ही मर्यादा आता ट वर.

संगणकावरच्या ट्रूटाइप प्रकारच्या फॉन्टमधल्या अक्षरांचे गोलावेही असेच, पॅराबोलाचे तुकडे एकाला एक जोडून काढलेले असतात. तिथेही तिसरं चल असतं आणि दर तुकड्यात ते ० पासून १ पर्यंत जातं. अशा वक्रांना बेझिए वक्र म्हणतात. रेनो कंपनीतले अभियंते पिएर बेझिए यांनी १९६०च्या दशकात मोटारींच्या बाह्यांगाची रचना करताना ते वापरात आणले.