गाभण कुत्रीचा एक्स-रे काढला तर पिल्लं वाकडी होतात?

इंदूरच्या रामबागेपासून विजयनगरपर्यंत कुत्री पाळणाऱ्या घरांत हे हमखास ऐकू येतं. भीतीला मूळ आहे, पण हिशेब चुकलाय.

१९५० च्या दशकात अमेरिकेत ओक रिजच्या प्रयोगशाळेत संशोधक रसेल दांपत्याने गाभण उंदरांवर एक्स-रेच्या मोठ्या डोसचे प्रयोग केले. गर्भ रुजण्याआधी किरणं लागली तर तो मरे, नाहीतर बहुधा धडधाकट वाढे. व्यंगं आली ती मुख्यतः अवयव घडण्याच्या दिवसांत. अशा व्यंगांची धास्ती साधारण १०० मिलिग्रेच्या (शरीरात शोषलेल्या किरणांचं माप) पुढे धरतात. पोटाच्या एका एक्स-रेत गर्भाला मिळतात जेमतेम एक-दोन.

शिवाय कुत्रीचे दिवस सुमारे ६३. पिल्लांची हाडं ४५व्या दिवसाच्या आसपास दिसू लागतात, मोजणी ५५ नंतरच पक्की. तेव्हा अवयव केव्हाच घडलेले असतात. त्याआधी फोटो काढणं म्हणजे पैसे वाया. २५-३० दिवसांना सोनोग्राफी करा.

मोजताना कवट्या मोजा, मग कणे ताडून बघा. आतडं भरलेलं असेल तर कवटी लपते, कुत्री हलली तर फोटो धूसर येतो आणि पुन्हा काढावा लागतो.

खरी काळजी फोटोच्या वेळी कुत्रीला धरणाऱ्याची. शिशाचा एप्रन विखुरलेली किरणं अडवतो, थेट झोताला पुरत नाही. झोत कुठे पडणार ते दाखवणाऱ्या उजेडाच्या चौकटीबाहेरच हात हवा. घरातली गर्भवती सून मात्र खोलीबाहेर.