रँक कळला, पण मशीन कोणतं?

चार मशीनवर मिळून एका प्रोग्रामच्या 32 प्रोसेस, म्हणजे चालत्या प्रती, सुरू केल्या, की एमपीआय (अशा प्रोसेसनी एकमेकींना निरोप कसे पाठवायचे याचं मानक) प्रत्येकीला 0 ते 31 मधला एक क्रमांक देतं. हा तिचा रँक. गणिताचा कोणता तुकडा कोणी सोडवायचा, कोणाचा डेटा कोणाला पाठवायचा, सगळं या रँकवर ठरतं. पण रँक 7 कोणत्या मशीनवर चालतोय? प्रत्येक मशीनवर ओळीने आठ-आठ प्रोसेस बसवल्या असतील तर पहिल्या. पत्ते वाटावेत तशी एकेक वाटली असेल तर चौथ्या. नुसत्या रँकवरून हे सांगता येत नाही.

त्यासाठी 1994 च्या पहिल्या एमपीआय मानकापासून एक फंक्शन आहे: एमपीआय_गेट_प्रोसेसर_नेम. बहुतेक ठिकाणी ते मशीनचं होस्टनेम, म्हणजे नेटवर्कवरचं नाव, देतं. प्रत्येक प्रोसेसने 'रँक 7, नोड04' अशी एक ओळ छापली की वाटणी समजते. ओळी मात्र क्रमाने येतीलच असं नाही. ज्याची आधी पोचली ती आधी दिसते.

एवढी चौकशी कशाला? एकाच मशीनवरच्या दोन प्रोसेस मेमरीतून बोलतात, वेगळ्या मशीनवरच्या नेटवर्कमधून, आणि तो रस्ता लांबचा. हवामानाच्या मॉडेलमध्ये नकाशाचे शेजारी तुकडे पावलोपावली सीमेवरचे आकडे एकमेकांना देतात. ते शक्यतो एकाच मशीनवर असलेले बरे.

जीपीयू, म्हणजे जड गणितं झपाट्याने करणाऱ्या चिप, आले की प्रश्न आणखी टोकदार होतो. मशीनमध्ये चार जीपीयू आणि चार प्रोसेस आहेत, पण चौघींनी शून्य नंबरचाच जीपीयू धरला, तर तीन नुसते बसून राहतात. प्रोग्राम मात्र बिनतक्रार चालतो, उत्तरही बरोबर येतं, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही. इथे मशीनचं नाव नको, मशीनच्या आतला क्रमांक हवा. पूर्वी सगळी नावं गोळा करून जुळवत बसायचे. कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्राम मशीनपासून वेगळा ठेवून चालवणाऱ्या डब्यात, होस्टनेम भलतंच असलं की तो हिशेब फसतो. 2012 च्या एमपीआय-3 मध्ये एमपीआय_कॉम_स्प्लिट_टाइप आलं. ते मेमरी सामायिक असलेल्या प्रोसेसचा वेगळा गट करतं, आणि त्या गटातला रँक म्हणजेच हवा तो क्रमांक. नवीन कोड लिहिताना नावांच्या वाटेला जाऊच नये, असं माझं मत.

मशीन कळलं तरी कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग, कळत नाही. लिनक्स चालू प्रोसेस एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवू शकतं. ती जागची हलू नये असं वाटत असेल तर सुरू करतानाच कोअरला बांधावी लागते. ओपन एमपीआय या एमपीआयच्या एका सॉफ्टवेअरमध्ये 'रिपोर्ट-बाइंडिंग्ज' हा पर्याय दिला की कोण कुठे बांधलंय ते छापून मिळतं.