रिमांड होमचे साहेब आले कुठून

गावात शिरलं की पारावर बसलेली माणसं आधी गाडी बघतात, मग आपल्याला बघतात आणि मग कोणीतरी म्हणतं, "रिमांड होमचे सायेब आलेत." कागदावर माझं पद परिविक्षा अधिकारी होतं, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, गुन्ह्यात सापडलेल्या पोराच्या घरी जाऊन चौकशी करणारा आणि नंतर त्याच्यावर लक्ष ठेवणारा, पण मराठवाड्यातल्या दोन जिल्ह्यांत मिळून जेवढी वर्षं काम केलं तेवढ्यात हा शब्द एकाही आईबापाच्या तोंडून ऐकला नाही. कोणाला वाटायचं पोलीस, कोणाला सरकारी वकील, एका घरी तर आजीनं निराधारच्या पगाराचे कागद आणून समोर ठेवले. आणि बाप बहुतेक वेळा बाजूला घेऊन एकच बोलायचा, "काय द्यायचं घ्यायचं ते सांगा सायेब, पण लेकराचं मिटवा." सुरुवातीला राग यायचा, नंतर कळलं की चूक त्या माणसाची नाही, ही पोस्ट कशासाठी काढली हे त्याला कधी कोणी सांगितलंच नाही. म्हणून जरा मुळापासून लिहितो.

या कामाचा पहिला माणूस ना पोलीस होता ना वकील, तो बूट शिवणारा होता. अमेरिकेतल्या बोस्टन गावचा जॉन ऑगस्टस. १८४१ साली तो तिथल्या पोलीस कोर्टात बसला होता, दारूच्या नादानं पकडलेला एक फाटका माणूस समोर आणला, शिक्षा होणार हे ठरलेलंच होतं, तर हा उठून म्हणाला मी याला जामीन राहतो. तीन आठवड्यांनी त्याला परत कोर्टात आणला तेव्हा तो माणूस ओळखू येईना एवढा सुधारला होता, जजनं नावापुरता दंड करून सोडला. १८५९ ला वारला तोवर ऑगस्टसनं जवळपास दोन हजार लोकांना असं पदरात घेतलं, त्यात पोरंपोरी पण खूप होती. पगार शून्य. आणि तो आंधळेपणानं कोणालाही जामीन राहत नव्हता बरं का, आधी चौकशी करायचा, याचं घर कसंय, संगत कोणाची, पहिलाच गुन्हा आहे का, आणि सोडवल्यावर काम बघून द्यायचा, भेटत राहायचा. म्हणजे दोन गोष्टी, आधी चौकशी आणि नंतर सोबत. माझ्या मते पुढची सगळी गोष्ट या दोन गोष्टींचीच आहे, त्यातली पहिली आपण कायद्यात नीट बसवली आणि दुसरी पातळ होत गेली.

त्याच्या मागं १८७८ ला मॅसॅच्युसेट्स राज्यानं पगारी प्रोबेशन अधिकाऱ्याचा कायदा केला, १८९९ ला शिकागोत पोरांसाठी वेगळं कोर्ट निघालं, १९०७ ला इंग्लंडनं प्रोबेशनचा कायदा केला. तिथून ते इंग्रजांबरोबर आपल्याकडे आलं.

आपल्याकडे त्याआधी काहीच नव्हतं असं नाही. १८५० च्या अप्रेंटिस कायद्यात १० ते १८ वयाच्या पोरांना धंदा शिकायला कोणाच्या तरी हाताखाली ठेवायची सोय होती. १८६० च्या दंडविधानात ७ वर्षांखालच्या लेकराचा गुन्हा धरायचाच नाही आणि ७ ते १२ मध्ये त्याला समज किती होती ते बघायचं असं आलं, ही कलमं २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत पण आहेत, फक्त नंबर बदलून २० आणि २१ झाले. मग रिफॉर्मेटरी शाळांचे, म्हणजे सुधारशाळांचे कायदे, १८७६ चा आणि १८९७ चा. पण खरा धक्का दिला तो १९१९-२० च्या जेल कमिटीनं, लेकरांना मोठ्या कैद्यांसोबत ठेवू नका, त्यांची कोर्टं वेगळी करा असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. लगेच मद्रासनं १९२० ला, बंगालनं १९२२ ला आणि मुंबईनं १९२४ ला बालकायदा केला. १९२७ ला मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली, १९३६ ला टाटांची समाजकार्याची शाळा सुरू झाली, आणि १९३८ ला मुंबई प्रांतानं प्रोबेशनचा स्वतःचा कायदा केला. चौकशी संपेपर्यंत पोराला ठेवायची जागा म्हणजे रिमांड होम, हा शब्द त्या काळातला. १९८६ ला कायद्यानं त्याचं निरीक्षणगृह केलं, पाट्या बदलल्या, लोकांच्या तोंडातून काही तो शब्द गेला नाही. बऱ्याच जिल्ह्यांत आजही निरीक्षणगृह चालवणाऱ्या संस्थेचं नाव 'जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना' असतं, त्यातलं अनुरक्षण म्हणजे सुटल्यावरची काळजी, ऑगस्टसची दुसरी गोष्ट, ती पाटीवर अजून आहे.

पण हे सगळं मुंबई इलाख्यातलं झालं, आपण मराठवाड्यातले तेव्हा निजामाच्या राज्यात. पुण्या-मुंबईत बालकोर्टं आणि रिमांड होमं उभी राहत होती तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे हैदराबादच्या कायद्याखाली होते, कोर्टाची भाषा उर्दू. अजून आपल्याकडे म्हातारी माणसं जामीन म्हणत नाहीत, जमानत म्हणतात, बंधपत्राला मुचलका म्हणतात. १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो, १९५१ ला हैदराबाद राज्याचा बालकायदा झाला, १९५६ ला मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्र. मधे १९५८ ला केंद्राचा प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स कायदा आला, त्यात परिविक्षा अधिकाऱ्यानं चौकशी करायची, देखरेख ठेवायची आणि सुटलेल्याला काम मिळवून द्यायला धडपडायचं असं सरळ लिहिलंय. म्हणजे इकडच्या दोन पिढ्यांनी 'लेकरासाठी सरकारचा माणूस घरी येतो' ही गोष्ट पाहिलीच नव्हती. घरी येणारा सरकारचा माणूस म्हणजे वसुलीवाला नाहीतर पोलीस.

पारधी वस्तीवर किंवा तांड्यावर तर याच्याही पुढची गोष्ट आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, निजामाच्या राज्यात पण त्याच धर्तीचा कायदा होता, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला इंग्रजांचा तो कायदा रद्द झाला म्हणून विमुक्त हा शब्द. कायदा गेला पण चोरी झाली की गाडी पहिली कुठं जाते ते सगळ्यांना माहितीय. अशा वस्तीवर मी डायरी घेऊन गेलो की बाया लेकरं आत ओढायच्या. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षात मी अहवालात 'कुटुंबाचे सहकार्य मिळाले नाही' असं लिहून टाकलेलं आहे, आणि त्या ओळीचं मला आजही वाईट वाटतं, कारण ते वाक्य पोरांच्या केसेस बघणाऱ्या बाल न्याय मंडळासमोर त्या पोराच्या विरोधात गेलं.

आता अलीकडचं. १९८० च्या दशकात पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगात डांबलेल्या लेकरांचा प्रश्न सुप्रीम कोर्टात नेला, आणि १९८६ ला अख्ख्या देशासाठी एकच बाल न्याय कायदा आला. त्यात मुलगा १६ पर्यंत आणि मुलगी १८ पर्यंत बालक. भारतानं १९९२ ला संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता मान्य केली, मग २००० चा कायदा आला, मुलगा असो मुलगी असो वय १८, आणि बालन्यायालयाऐवजी बाल न्याय मंडळ, एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यातली एक बाई असलीच पाहिजे. 'बाल गुन्हेगार' हा शब्द जाऊन विधी संघर्षग्रस्त बालक आला, बोलायला अवघड आहे पण मला आवडतो, त्यात भांडण कायद्याशी आहे, शिक्का पोरावर नाही. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेत एक आरोपी १८ खालचा निघाला, त्यावरून लोकांचा संताप वाढला आणि २०१५ चा कायदा आला, तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, त्यात १६ ते १८ च्या पोरानं अतिगंभीर गुन्हा केला असेल तर प्राथमिक मूल्यांकन करून, म्हणजे त्याला गुन्ह्याची आणि परिणामांची समज किती होती ते तपासून, त्याला मोठ्यांसारखा खटला चालवायला पाठवता येतं. बाकी गाभा तोच, पोराला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, २४ तासांत मंडळासमोर न्यायचं, नाव गाव फोटो छापायचा नाही.

लोक विचारतात एवढ्या कायद्यात तुमचं काम काय. माझं काम म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल. पोराला पहिल्यांदा मंडळासमोर आणल्यापासून १५ दिवस मिळतात. नमुना ६ असतो, त्यात घरात कोण कोण, शेती किती, कर्ज किती, बाप पितो का, शाळा कधी सुटली, का सुटली, दोस्त कोण, पोराला मारहाण होते का, सगळं भरायचं आणि शेवटी स्वतःचं मत द्यायचं. मॅजिस्ट्रेट पोराला वीस मिनिटं बघतो, त्याच्या घराच्या आत गेलेला माणूस फक्त परिविक्षा अधिकारी असतो. मोबाईल चोरलेल्या पोराच्या केसमध्ये पोलिसांच्या कागदात मोबाईलची किंमत असते, आणि बाप गेल्यावर पोरगं सहा महिने ढाब्यावर भांडी घासत होतं नि मालकानं पगार बुडवला, हे असलं तर फक्त आमच्या कागदात असतं.

वयाची भानगड वेगळीच. आपल्याकडे शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून टाकायचे, अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. आणि कायदा सांगतो आधी शाळेचा दाखला बघा, तो नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद, काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. वय धरायचं ते गुन्हा घडला त्या दिवशीचं, हे सुप्रीम कोर्टानं २००५ ला पक्कं केलं. म्हणजे गुरुजींनी अंदाजानं टाकलेल्या त्या १ जूनवर ठरतं की पोरगं मंडळासमोर उभं राहणार की मोठ्यांच्या कोर्टात. प्रवेश निर्गम उताऱ्यासाठी, म्हणजे शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीच्या नकलेसाठी, मी शाळांत जितके हेलपाटे घातले तितके कशासाठीच घातले नसतील.

आणखी एक प्रकार वाढला तो २०१२ च्या पॉक्सो कायद्यानंतर, म्हणजे १८ खालच्या लेकरांना लैंगिक अत्याचारापासून वाचवायच्या कायद्यानंतर. सतरा वर्षांचा पोरगा, सोळाची पोरगी, घरचे लग्न लावायच्या घाईत, दोघं पळून जातात, पुण्याकडं कुठंतरी सापडतात, पोरीच्या बापाची फिर्याद, आणि शिक्षा मोठी असल्यामुळे गुन्हा थेट अतिगंभीर. मग ते प्राथमिक मूल्यांकन. अशा वेळी अहवालात एक ओळ कमीजास्त झाली तर पोराचं अख्खं आयुष्य इकडचं तिकडं होतं, हे मी अजिबात वाढवून सांगत नाही.

आणि मग आमचा हंगाम. दिवाळी झाली की बीड, धाराशिव, जालन्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या कोयता घेऊन साखर कारखान्याला जातात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, जावंच लागतं. अशाच एका नोव्हेंबरात मी गृहभेटीला गेलो, गाव सांगणार नाही. घराला कुलूप. शेजारी एक आजी बसलेली, म्हणाली, "माय बाप गेले फडावर, लेकरू माझ्यापाशी ठेवलं व्हतं, मला काय आवरतंय ते." १५ दिवसांतले चार गेलेले. नमुन्यात पालकांच्या सध्याच्या पत्त्याचा रकाना आहे, तिथं काय लिहू? शेवटी मुकादमाचा नंबर मिळवला, सुट्टी टाकून, स्वतःच्या पैशानं दुसऱ्या जिल्ह्यात त्या कारखान्याच्या पट्टीवर गेलो, आणि पाचटाच्या कोपीसमोर बसून तो अहवाल भरला. बापाला तोवर पोरगं निरीक्षणगृहात आहे हेच नीट माहीत नव्हतं, त्याला वाटलं जेल. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकाच्या ताब्यात द्यावं असं मत मी दिलं, मंडळानं ते मानलं, बापानं बंधपत्रावर अंगठा दिला.

हमीची मुदत कायद्यात तीन वर्षांपर्यंत असू शकते, आणि तेवढा काळ परिविक्षा अधिकाऱ्यानं पोराला भेटत राहायचं असतं. २००९ नंतर केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतून प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष झाला, त्यात विधी तथा परिविक्षा अधिकारी ही पोस्ट आली, आता तीच योजना मिशन वात्सल्य नावानं चालते, पण पोस्ट कंत्राटी. माझी ऑर्डर अकरा महिन्यांची असायची. एप्रिलात टोळी परतली तेव्हा मी त्या पोराला एकदा जाऊन भेटलो, आयटीआयचा फॉर्म भरून दिला, जूनमध्ये माझी ऑर्डर संपली आणि पुढची दुसऱ्या जिल्ह्यात मिळाली. त्याच्या देखरेखीच्या फाइलवर पहिली सही माझी आहे, त्याच्याखाली दोन वर्षांत आणखी तीन वेगवेगळ्या माणसांच्या सह्या आहेत.