व्हिनेगरने मासा ‘शिजतो’ का?

फिलिपिन्समधल्या किनिलाव या पदार्थाचे व्हिडिओ हल्ली बरेच फिरतात. वाडग्यात सुरमईचे कच्चे तुकडे, वर आलं, कांदा, मिरची आणि भरपूर व्हिनेगर. बघता बघता काचेसारखे दिसणारे तुकडे पांढरे पडतात आणि निवेदक जाहीर करतो, ‘आगीशिवाय मासा शिजला!’ खाली प्रतिक्रियांमध्ये आणखी भर: आम्लाने जंतू मरतात, शिवाय ‘जिवंत एन्झाइम’ पोटात जातात. एन्झाइम हीसुद्धा प्रथिनंच असतात. व्हिनेगर माशाच्या प्रथिनांची मोडतोड करणार आणि एन्झाइमना तेवढं वगळणार, असं कसं होईल?

पदार्थ मात्र अस्सल आणि जुना. मिंडानाओ बेटावरच्या बुतुआन इथल्या उत्खननात माशांच्या काट्यांबरोबर ताबोन-ताबोन या फळाचे कापलेले अवशेष मिळाले. काळ साधारण दहावं ते तेरावं शतक. या फळाचा रस त्या भागात किनिलावमध्ये आजही घालतात. व्हिनेगर बहुधा माडाच्या किंवा निपा पामच्या रसाचं, म्हणजे गोव्याच्या माडाच्या व्हिनेगरचं सख्खं भावंड. काही ठिकाणी वरून नारळाचं दूधही घालतात. (मासे आणि दूध म्हणून दचकू नका. हे गाईचं नाही. आणि गाईचं असतं तरी त्याने कोड येत नाही. कोडात शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्वचेतल्या रंगपेशींवर उलटते.)

आता त्या पांढऱ्या रंगाकडे वळू. स्नायूतली मायोसिनसारखी प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या लांबलचक साखळ्या, ठरावीक घडीत दुमडलेल्या. ही घडी टिकते ती दुबळ्या बंधांवर: काही हायड्रोजन बंध, काही ठिकाणी धन आणि ऋण भारांचं आकर्षण. ताज्या माशाचा सामू (pH; जितका कमी तितकी आम्लता जास्त) ६ ते ७ च्या दरम्यान असतो. त्या सामूला ग्लुटामिक, ॲस्पार्टिक यांसारख्या अमिनो आम्लांवर ऋणभार असतो, तर लायसिनवर धनभार. व्हिनेगरमधले हायड्रोजन आयन ऋणभारित जागांवर जाऊन बसतात आणि तो भार पुसतात. सामू ५ च्या जरा वर असताना मायोसिनवरचे दोन्ही भार समसमान होतात. याला समविद्युत बिंदू म्हणतात. इथे रेणूंमधलं अपाकर्षण संपतं, ते एकमेकांच्या जवळ येतात, मधलं पाणी बाहेर पडतं आणि मांस घट्ट होतं. सामू आणखी उतरला की धनभाराचं पारडं जड होतं, साखळीचे भाग एकमेकांना ढकलू लागतात आणि घडी उलगडते. आत दडलेले, पाण्याला टाळणारे भाग उघडे पडून शेजारच्या साखळ्यांत गुंततात. या गुंत्यावर प्रकाश विखुरतो, म्हणून तुकडा पांढरा दिसतो. दुधात लिंबू पिळल्यावरही प्रथिनांचे भार असेच पुसले जातात आणि दूध फाटतं.

उष्णतेनेही घडी मोडते, पण तिथे आणखी एक गोष्ट घडते: स्नायूंचे थर बांधून ठेवणाऱ्या कोलॅजनचं जिलेटिन होतं. म्हणून शिजलेल्या सुरमईचे पदर सुटतात. किनिलावचा तुकडा दाताखाली घट्ट लागतो. शिवाय आम्ल बाहेरून आत हळूहळू मुरतं आणि व्हिनेगर ऐन वेळी घातलं तर मधला भाग कच्चाच राहतो. अनेकांना तो तसाच आवडतो.

प्रथिनं, बी-१२, आयोडीन, सुरमईतली ओमेगा-३ मेदाम्लं हे सगळं किनिलावमध्ये मिळतंच. त्यासाठी मासा कच्चा असण्याची गरज नाही. फिलिपिनो लोक बारीक मासळी काट्यांसकट खातात, त्यातून कॅल्शियमही मिळतं.

अडचण परोपजीवींची. समुद्री माशांत सापडणाऱ्या ॲनिसाकिस या कृमीचं आयुष्यचक्र पूर्ण होतं ते देवमासे आणि डॉल्फिन यांच्या जठरात. आम्लातच संसार थाटणाऱ्या प्राण्याला आपण व्हिनेगरचा धाक दाखवतो! त्याला मारायला उष्णता हवी, नाहीतर कडक थंडी: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या निकषानुसार उणे २० अंश सेल्सियसला ७ दिवस. गोड्या पाण्यातले मासे तर कच्चे नकोतच. १९६० च्या दशकात फिलिपिन्सच्याच लुझॉन बेटाच्या उत्तर भागात कॅपिलेरिया कृमीची जीवघेणी साथ पसरली, ती असे मासे कच्चे खाल्ल्याने.

वासाचीही एक गंमत आहे. मासा शिळा होताना जिवाणू ट्रायमेथिलअमाइन तयार करतात. मासळीचा उग्र वास त्याचाच. आम्लाशी संयोग होऊन त्याचा क्षार बनला की ते हवेत उडत नाही आणि वास बसतो. कोकणात माशाला कोकम किंवा लिंबू लावतात त्यामागेही हेच रसायन आहे. पण याच कारणाने आंबटात मुरलेला मासा ताजा होता की नाही हे नाकाला कळत नाही. सुरमई, बांगडा, ट्यूना यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासे उन्हात पडून राहिले की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. मग चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठतं. हे हिस्टामिन व्हिनेगरने जात नाही, तळूनही जात नाही. ते टाळण्याचा उपाय मासे पकडल्याबरोबर बोटीवरच करावा लागतो: भरपूर बर्फ.