वळून बघणाऱ्या नजरेची पार्श्वभूमी

अमेरिकेत एक गोरा आणि एक काळा, किंवा एक गोरा आणि एक आपल्यासारखा सावळा, असं जोडपं हॉटेलात शिरलं की काही माना वळतात. न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्कोत आता फारशा वळत नाहीत, आडगावच्या पेट्रोल पंपावर अजून वळतात. अशा जोडप्यांना मिळणारा सल्ला ठरलेला असतो. दुर्लक्ष करा, हसून बघा, नाहीतर सरळ विचारा की काही हवंय का. सल्ला वाईट नाही, पण बघणारा माणूस नुसता चौकस आहे किंवा त्याला रीतभात नाही, एवढंच त्यात गृहीत धरलेलं असतं. इतिहास वेगळं सांगतो. सुमारे तीनशे वर्षं तिथे अशा जोडप्याकडे रोखून बघणं हे कायद्याला धरून केलेलं काम होतं. कारकून बघत, शेरीफ म्हणजे तिथला पोलीसप्रमुख बघे, शेजारी बघून वर कळवत. एकदा तर अख्ख्या ज्युरीने बघितलं.

सुरुवात मळ्यांवरच्या हिशेबातून झाली. मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल, असा नियम व्हर्जिनियाने १६६२ मध्ये केला. मळेवाल्यांच्या तो पथ्यावरच पडला, कारण गुलाम बाईला मालकापासून झालेलं मूलही गुलामच, म्हणजे मालमत्तेत भर. अडचण एकच होती. गोऱ्या बाईला काळ्या पुरुषापासून झालेलं मूल या नियमाने स्वतंत्र ठरत होतं. मेरीलँडने १६६४ मध्येच अशा लग्नांविरुद्ध कायदा केला होता. १६९१ मध्ये व्हर्जिनियाने गोऱ्यांनी काळ्यांशी किंवा मूळ रहिवाशांशी लग्न केलं तर त्या गोऱ्याला तीन महिन्यांत वसाहतीतून हद्दपार करायचं ठरवलं. पुढे कधी ना कधी ४१ राज्यांत या ना त्या स्वरूपात असे कायदे होते. मळ्यावरच्या अंधारातल्या संबंधांकडे डोळेझाक आणि उजेडात केलेल्या लग्नाकडे वटारलेले डोळे, ही वाटणी तेव्हाची. गोरी बाई आणि काळा पुरुष दिसले की लोकांची नजर जास्त कडक होते, असं जोडपी आजही सांगतात. त्याचं मूळ या हिशेबात आहे.

पण असा कायदा राबवायचा तर कोण गोरा आणि कोण काळा हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवणार कशावरून? कागद असत, पण अपुरे. शेवटी भिस्त डोळ्यांवर.

१९२५ सालचा ऱ्हाइनलँडर खटला याचा सगळ्यात ओंगळ नमुना आहे. लेनर्ड किप ऱ्हाइनलँडर हा न्यूयॉर्कच्या बड्या, जुन्या श्रीमंत घराण्यातला मुलगा. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने ॲलिस जोन्स या कष्टकरी घरातल्या मुलीशी लग्न केलं. तिचे वडील इंग्लंडहून आलेले, मिश्र वंशाचे. न्यूयॉर्क राज्यात असं लग्न बेकायदा नव्हतंच. बातमी वर्तमानपत्रांत आल्यावर मात्र घरच्यांनी दबाव आणला आणि लेनर्डने लग्न रद्द करण्यासाठी दावा लावला. तक्रार अशी, की तिने आपला वंश लपवून मला फसवलं. ॲलिसच्या वकिलाचा बचाव साधा होता: लग्नाआधी या दोघांचे पुरेसे निकटचे संबंध होते, तिचा रंग याने पाहिलेला होता, मग फसवणूक कसली? आणि ते सिद्ध करायला त्याने काय करावं? तिला ज्युरीच्या खोलीत नेऊन, ज्युरीसमोर अंगावरचे कपडे उतरवायला लावून तिची पाठ, खांदे, पाय दाखवले. ज्युरीतले सगळे गोरे, सगळे पुरुष. ती रडत होती, आई सोबत होती. निकाल ॲलिसच्या बाजूने लागला. दिसत होतं, म्हणजे त्याला कळलं असणारच, असा त्याचा अर्थ. खटला ती जिंकली, पण त्यासाठी तिला जे सोसावं लागलं त्यापुढे हॉटेलातल्या नजरा काहीच नाहीत.

त्याच सुमारास, १९२४ मध्ये, व्हर्जिनियाने 'वंशशुद्धी'चा नवा कायदा केला. राज्याचा जन्ममृत्यू निबंधक वॉल्टर प्लेकर जन्मदाखल्यांच्या मागे हात धुऊन लागला. कुणाच्या घराण्यात काळं रक्त आहे याचा छडा लावणं हेच त्याचं जीवितकार्य झालं. गंमत म्हणजे या कायद्याला एक पळवाट होती. मूळ रहिवाशांचं एक-षोडशांश रक्त असलं तरी माणूस गोराच धरला जाई, कारण राज्यातली काही बडी घराणी स्वतःला पोकाहोंटास या मूळ रहिवासी राजकन्येचे वंशज म्हणवत. बड्यांना सवलत कशी शोधावी, हे काही आपल्याकडच्याच लोकांना कळतं असं नाही.

कॅलिफोर्नियात हे काम लग्नाचा परवाना देणाऱ्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कारकुनाकडे होतं. इम्पीरियल खोऱ्यात शेती करायला गेलेल्या पंजाबी पुरुषांना १९१७ च्या स्थलांतर कायद्यानंतर मायदेशातून बायका आणणं अशक्य झालं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस गोरा नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. या पुरुषांनी मेक्सिकन वंशाच्या बायकांशी संसार थाटले. मेक्सिकन बाई कायद्याने गोरी, पंजाबी पुरुष गोरा नाही. म्हणजे लग्न अडायला हवं. पण कारकून खिडकीतून दोघांकडे बघे, दोघांचा रंग साधारण सारखाच दिसला की फॉर्मवर दोघांपुढे 'तपकिरी' लिहून मोकळा होई. एखाद्या कारकुनाला तो सारखा वाटला नाही, तर जोडपं दुसऱ्या काउंटीत किंवा शेजारच्या राज्यात जाई. अख्खा संसार एका माणसाच्या नजरेवर अवलंबून. १९४७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कारकुनाने मेक्सिकन वंशाची आंद्रेआ पेरेझ आणि काळा सिल्व्हेस्टर डेव्हिस यांना परवाना नाकारला, तेव्हा ते कोर्टात गेले आणि १९४८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा तो कायदाच रद्द केला.

उलट बाजूही बघायला हवी. बघण्याचा हक्क एकाच दिशेने होता. १९५१ साली नॉर्थ कॅरोलायनात मॅट इंग्रॅम या काळ्या शेतकऱ्यावर एका गोऱ्या मुलीवर हल्ला केल्याचा खटला भरला गेला. तो तिच्या जवळही गेला नव्हता, स्पर्श तर लांबच. रस्त्यावरून तिच्याकडे रोखून बघितलं, एवढाच आरोप. पहिल्या कोर्टाने दोन वर्षांची शिक्षा ठोठावली. १९५३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढेपर्यंत तो माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होता. ज्या समाजात एकाचं बघणं गुन्हा आणि दुसऱ्याचं बघणं पहारा, तिथे 'नजर देऊन नजर परतवा' हा आजचा सोपा उपाय काळ्या नवऱ्याला सोपा नव्हता. अनेकांनी मुलांना मान खाली घालून चालायलाच शिकवलं, ते यामुळे.

गोरा रिचर्ड लव्हिंग आणि त्याची काळ्या व मूळ रहिवासी वंशाची बायको मिल्ड्रेड यांची गोष्ट बहुतेकांना ऐकून माहीत असते. व्हर्जिनियातलं सेंट्रल पॉइंट हे त्यांचं गाव, आणि तिथे गोरे, काळे, मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या मिसळून राहत आलेले. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना या दोघांचं नवल नव्हतं. २ जून १९५८ ला त्यांनी वॉशिंग्टन शहरात जाऊन लग्न केलं. ११ जुलैच्या रात्री, दोनच्या सुमारास, शेरीफ टॉर्च घेऊन थेट झोपायच्या खोलीत शिरला. कुणीतरी खबर दिली होती. कुणी, ते कधी बाहेर आलं नाही. ही बाई कोण, असं शेरीफने रिचर्डला विचारलं. भिंतीवर लग्नाचा दाखला टांगलेला होता, तो दाखवल्यावर शेरीफचं उत्तर, की इथे तो चालत नाही. जानेवारी १९५९ मध्ये एक वर्षाची कैद सुनावली गेली आणि २५ वर्षं दोघांनी मिळून राज्यात पाऊल ठेवायचं नाही या अटीवर ती स्थगित झाली. एकेकटं यायला हरकत नव्हती! आईवडिलांना भेटायचं तर वेगवेगळं यायचं, एकत्र दिसायचं नाही. गुन्हा सोबत दिसण्याचा होता, हे यापेक्षा उघड कुठल्याही निकालपत्राने सांगितलं नसेल. १२ जून १९६७ ला सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य असा निकाल देऊन हा कायदा रद्द केला. तेव्हा १६ राज्यांत असे कायदे शिल्लक होते. अलाबामाच्या राज्यघटनेतून ती मेलेली ओळ काढायला २००० साल उजाडलं, आणि मतदानात ४० टक्क्यांच्या आसपास लोकांनी ती काढू नका म्हणून मत दिलं.

दक्षिण आफ्रिकेने हेच १९४९ आणि १९५० च्या कायद्यांनी आणखी पद्धतशीर केलं. आधी मिश्र लग्नांवर बंदी, मग संबंधांवर. तिथले पोलीस झाडावर चढून, दुर्बिणी लावून घरांवर नजर ठेवत. छाप्यात पलंगावर हात ठेवून तो गरम आहे का ते बघत. अशा ठिकाणी लोकांच्या नजरांना तोंड कसं द्यायचं याचं उत्तर एकच: नातं दिसूच द्यायचं नाही. विनोदी कलाकार ट्रेव्हर नोआ याचा जन्म १९८४ चा, वडील स्विस गोरे, आई खोसा जमातीची काळी. पोरगा आईपेक्षा उजळ. आई त्याला फिरायला न्यायची तेव्हा शेजारची, त्याच्या रंगाशी जुळेल अशी एखादी बाई बरोबर घ्यायची. ती बाई आई म्हणून पुढे आणि खरी आई मोलकरीण असल्यासारखी मागे. १९८५ मध्ये हे दोन्ही निर्बंध उठले.

अमेरिकेतल्या जोडप्यांचे उपाय इतके टोकाचे नव्हते, पण जातकुळी तीच. एकाने मागच्या सीटवर बसायचं, म्हणजे दुसरा ड्रायव्हर वाटतो. हॉटेलात खोली घ्यायला गोऱ्यानेच आत जायचं. १९३६ ते १९६६ या काळात निघणारी 'ग्रीन बुक' ही काळ्या प्रवाशांसाठीची मार्गदर्शिका अशा जोडप्यांच्याही कामाची होती. दुसरा मार्ग आपल्यासारख्यांना गाठून राहण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिलवॉकी आणि शिकागोत मिश्र जोडप्यांची 'मनश्शे' नावाची मंडळं होती. बायबलमधल्या योसेफाच्या इजिप्शियन बायकोपासून झालेल्या मुलाचं हे नाव. नाचगाणी, सहली, अंत्यविधीला मदत, असं सगळं ही मंडळं बघत. रस्त्यावर सगळे बघतात तर निदान महिन्यातून एखादी संध्याकाळ कुणी बघणार नाही अशी असावी, इतकी साधी गरज त्यामागे होती.

पडद्यावर मात्र अशी जोडपी दिसतच नव्हती. हॉलिवूडच्या आचारसंहितेने गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध दाखवायला मनाई केली होती. ते कलम १९५६ मध्ये निघालं. डोळ्यांना जे कधी दाखवलंच नाही ते समोर आलं की डोळे थबकणार. २०१३ मध्ये चीरिओज या न्याहारीच्या पदार्थाच्या जाहिरातीत काळे वडील, गोरी आई आणि त्यांची छोटी मुलगी दिसली, तर यूट्यूबवर इतकी गरळ ओकली गेली की कंपनीला प्रतिक्रियाच बंद कराव्या लागल्या. आणि हे कुठल्या देशात? गॅलपच्या पाहणीत १९५८ साली गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला ४ टक्के लोकांचा होकार होता, तो २०२१ मध्ये ९४ टक्क्यांवर पोचला, त्या देशात. प्यू संस्थेच्या आकडेवारीनुसार १९६७ मध्ये नवविवाहितांपैकी ३ टक्के वेगळ्या वंशाच्या जोडीदाराशी लग्न करत, २०१५ मध्ये १७ टक्के. आशियाई वंशाच्या नवविवाहितांत तर २९ टक्के. पाहणी करणाऱ्याला माणूस तोंडाने उत्तर देतो. मान वळते ती विचार करून वळत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना जोडप्यांचे फोटो दाखवून मेंदूची हालचाल मोजली, तेव्हा मिश्र जोडप्यांच्या फोटोंना किळसेशी संबंध असलेला भाग जास्त प्रतिसाद देताना दिसला. एका प्रयोगावरून फार ताणू नये, पण ९४ टक्क्यांवर फार विसंबूही नये.

आपल्याकडे काय होतं? गोव्यात उलटंच घडलं होतं. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतलं आणि आपल्या माणसांना बाटवलेल्या स्थानिक बायकांशी लग्नं करायला उत्तेजन दिलं, जमीन आणि सवलती देऊन. सत्तेला वस्ती हवी होती, म्हणून सत्तेला तिथे वंश आडवा आला नाही. पुढे मार्च १९२८ मध्ये इंदूरचे तुकोजीराव होळकर यांनी सिॲटलच्या नॅन्सी ॲन मिलर यांच्याशी लग्न केलं, तेव्हा देशभर चर्चा रंगली ती वंशापेक्षा धर्म आणि जात यांची. शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींनी शुद्धी केली, नॅन्सीच्या शर्मिष्ठादेवी झाल्या, धनगर समाजाने त्यांना आपल्यात घेतलं आणि मग लग्न लागलं. आपली नजर माणूस कुठल्या खणात बसतो हे शोधते. खण सापडला की निवळते.

मिनीॲपोलिसच्या गेल ऑम्व्हेट यांचं उदाहरण वेगळं. १९७६ मध्ये त्यांनी भारत पाटणकरांशी लग्न केलं आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात घर केलं, १९८३ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं, २०२१ मध्ये त्या गेल्या त्याही तिथेच. गावात गोरी सून म्हणून सुरुवातीला बघायला लोक जमले नसतील असं कोण म्हणेल? पण परित्यक्ता बायकांची, दुष्काळी भागातल्या पाण्याची आंदोलनं वर्षानुवर्षं बरोबरीने केल्यावर बघण्यासारखं काही उरत नाही. अर्थात गोऱ्या सुनेला आपण जे कौतुक देतो ते काळ्या जावयाला देत नाही. पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकी मुलाबरोबर मराठी मुलगी चालली की बघणाऱ्यांच्या डोळ्यांत कौतुक नसतं. शिवाय विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर नोंदणी कार्यालयाच्या फलकावर ३० दिवस दोघांची नोटीस लागते. येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावी आणि हरकत असेल तर घ्यावी, यासाठीच.

अमेरिकेतला ताजा अध्याय २०२२ चा. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काचा जुना निकाल फिरवला. न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी त्याच तर्काने आणखी कोणते निकाल तपासायला हवेत याची यादी आपल्या टिपणात दिली; त्यात समलिंगी विवाहाचा निकाल होता, लव्हिंग खटल्याचा नव्हता. थॉमस स्वतः काळे, त्यांची पत्नी गोरी, आणि घर व्हर्जिनियात. तरी संसदेने धोका पत्करला नाही. १३ डिसेंबर २०२२ ला अध्यक्ष बायडन यांनी सही केलेल्या कायद्यात समलिंगी विवाहांबरोबर मिश्रवंशीय विवाहांनाही वेगळं संरक्षण दिलं गेलं. सिनेटमध्ये ६१ विरुद्ध ३६ मतं पडली. विरोध मुख्यतः समलिंगी विवाहाला होता, हे खरं. पण १९६७ मध्ये एकमताने मिळालेला हक्क ५५ वर्षांनी पुन्हा कायद्यात लिहून घ्यावासा वाटला, हेही तितकंच खरं.