मार कोपराला, मुंग्या करंगळीत

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्यांना हा प्रसंग चांगला ओळखीचा असेल. दोन मागांमधली वाट अरुंद. धोट्यातली सुताची कांडी संपली की वडील वाकायचे, नवी घालून वळायचे आणि कोपर लोखंडी चौकटीवर आपटायचं. ‘करंट बसला’ म्हणत ते हात झटकायचे, पण धरायचे करंगळी. मार इथं आणि झिणझिण्या तिथं, हे कसं? मला लहानपणापासून याचंच नवल वाटत आलंय.

या जागेचा धाक जुना आहे. ‘कोपर’ हा शब्द संस्कृत ‘कूर्पर’वरून आला. सुश्रुतसंहितेतल्या १०७ मर्मांपैकी कूर्पर हे एक, आणि तेही ‘वैकल्यकर’ गटातलं: इथं जबर इजा झाली तर हात अधू होतो. हे मर्म सांध्याचं म्हणून सांगितलंय. मज्जातंतूची आजची कल्पना त्यात शोधू नये, पण निरीक्षण पक्कं आहे.

मज्जातंतू वेगळा ओळखणंच मुळात अवघड होतं. ग्रीक भाषेत त्याला जो शब्द आहे, तोच आधी स्नायूच्या दोरीलाही वापरत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हिरोफिलस आणि इरासिस्ट्राटस या ग्रीक वैद्यांनी मानवी देह उघडून पाहिले, तेव्हा कुठं हा गुंता सुटू लागला. आपण तरी काय करतो? मानेची नस आखडते, कमरेची नस दबते आणि सुई टोचायला नर्सला नस सापडत नाही. तिन्ही वस्तू निरनिराळ्या, शब्द एकच.

मला सगळ्यात आवडतो तो दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्याचा रुग्ण. पॉसेनियस नावाच्या या विद्वानाची करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटाची अर्धी बाजू बधिर झाली होती. बाकीचे वैद्य बोटांनाच लेप लावत बसले. गेलननं मात्र आधी कुठं लागलं होतं का, ते विचारलं. रथातून पडून पाठीच्या वरच्या भागाला मार बसल्याचं कळलं. त्यानं औषध मणक्यापाशी लावलं आणि बोटं सुधारली. दुखणं जिथं जाणवतं तिथंच त्याचं मूळ असेल असं नाही, हे त्यानं दाखवून दिलं.

कोपराचं उत्तरही त्याच वाटेनं मिळतं. मानेच्या तळाशी निघालेला अल्नर मज्जातंतू दंडातून उतरतो आणि कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यामागून करंगळीकडं आणि अर्ध्या अनामिकेकडं जातो. बाकी वाटेत त्याच्यावर मांसाचं पांघरूण असतं. इथं मात्र कातडी आणि थोडी चरबी, खाली थेट हाड. नेमका तिथं फटका बसला की तंतू हाडावर चेपतो आणि त्यातून संदेश उसळतात. या तारेवरून येणारी खबर बोटांचीच असते, हे मेंदूला पाठ. मध्येच कुणी तार छेडली तरी तो बोटांकडंच बोट दाखवतो.

ही खबर किती वेगानं धावते? १८५० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूत तो वेग मोजला. तो भरला सेकंदाला साधारण २७ मीटर. आपल्या अल्नर तंतूत तो साधारण ५० ते ६० मीटर असतो.

पहिल्या महायुद्धात जखमी सैनिक तपासताना फ्रेंच डॉक्टर ज्यूल तिनेल यांनी एक खूण नोंदवली: इजा झालेल्या मज्जातंतूवर टिचकी मारली की पुढं झिणझिण्या उठतात. १९१५ मध्ये ती प्रसिद्ध करताना त्यांनी तिला जो फ्रेंच शब्द दिला, तो मुंगीवरून आलाय. आपणही ‘मुंग्या आल्या’च म्हणतो! हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला.

कोपराच्या जुन्या दुखापतीनंतर बऱ्याच वर्षांनी हात दुबळा पडतो, हे पॅरिसचे डॉक्टर पानास यांनी १८७८ मध्ये लिहिलं होतं. हा तंतू ज्या बोगद्यातून जातो, त्याला ‘क्युबिटल टनेल’ हे नाव १९५८ मध्ये मिळालं. कोपर दुमडलं की तो बोगदा आवळतो आणि तंतू ताणला जातो. म्हणून आपल्याकडं मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बायकांनी अधूनमधून हात सरळ करावा, रात्री कोपर दुमडून उशाला घेऊ नये. आपटल्यावरच्या झिणझिण्या लवकर विरतात. पण न आपटताही करंगळी बधिर राहत असेल, विडीचा दोरा बांधताना बोटं ढिली पडत असतील किंवा अंगठ्याच्या बेचक्यातलं मांस खोल गेलेलं दिसत असेल, तर करंगळीला बाम चोळत बसू नका. डॉक्टरांना कोपर दाखवा.