पातळ, सुकी की मिक्स? : गोव्यातल्या भाजी-पावामागची गोष्ट

पुण्या-मुंबईचा माणूस सकाळी पणजीतल्या चर्चच्या चौकाजवळ एखाद्या हॉटेलात शिरतो आणि सवयीनं 'एक पावभाजी' मागतो. पोऱ्या विचारतो, "पातळ, सुकी, मिक्स?" पाहुणा गोंधळतो. त्याच्या डोळ्यांसमोर तव्यावर ठेचलेली, लोण्यात न्हालेली लालभडक भाजी असते. समोर येते ती वेगळीच. नारळाच्या वाटपात शिजलेल्या पांढऱ्या वाटाण्यांची पातळ भाजी, नाहीतर हळद-मोहरीची बटाट्याची सुकी, किंवा सुकीवर पातळ ओतून केलेली मिक्स. सोबत दोन पाव आणि वर मिरचीचं भजं. गोव्यात याला 'भाजी-पाव' म्हणतात, पावभाजी नव्हे.

शब्दांची ही अदलाबदल किरकोळ वाटते, पण मला ती नेमकी वाटते. ही हॉटेलं ज्यांनी काढली त्यांच्या घरी भाजी आधीपासून होती. पाव फार मागाहून आला, आणि आला तो दारावर बराच वेळ ताटकळून.

या हॉटेलांत सकाळी आठ ते दहा बसायला जागा मिळणं हे नशिबाचं काम. चार खुर्च्यांच्या टेबलावर तीन अनोळखी माणसं बसलेली असतात, चौथे आपण. 'इथं बसू का' असं कुणी विचारत नाही, खुर्ची ओढली की झालं. एक वकील, एक बँकेतला, एक पेडण्याहून मुलाचा दाखला काढायला आलेला बाप. बोलणं कोंकणीत चाललेलं आणि हातातला पेपर मराठी. बाहेरच्यांना हे चमत्कारिक वाटतं, आम्हाला नाही.

आता पावाकडे वळू. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि १५४३ मध्ये बारदेश व साष्टी हे तालुके त्यांना मिळाले. हा मुलूख भाताचा, गहू इथं पिकत नव्हता. पण पोर्तुगिजाला रोज जेवायला पाव हवा आणि चर्चमधल्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनाविधीला, जी ओस्ती (प्रसादाची पातळ चकती) लागते तीही गव्हाचीच हवी. गहू बाहेरून आणता येत होता, भट्टी बांधता येत होती, अडलं ते पीठ फुगवण्यापाशी. युरोपातलं खमीर इथं नव्हतं. मग माडाची ताजी सूर, म्हणजे ताडीसारखा रस, पिठात घालून ते आंबवायचं, ही तोड निघाली. साष्टीतल्या जेझुइट पाद्र्यांनी नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांना हा धंदा शिकवला असं मानतात आणि माजोर्डा हे गाव त्याचं मूळ म्हणून सांगितलं जातं. पोर्तुगीज 'पादेरु'चा, म्हणजे पाव भाजणाऱ्याचा, इथं 'पोदेर' झाला, 'पांव'चा पाव झाला, आणि तो शब्द घाट चढून सगळ्या महाराष्ट्रात गेला.

पोदेराकडे एकट्या पावाचेच किती प्रकार! चौकोनी जोडपाव, कडक कवचाचा उंडो, कोंडा लावलेली चपटी पोळी (जिला हल्ली सगळे 'पोई' म्हणतात), बांगडीसारखी काकणं, फुलपाखरासारखा कातरो. मागं टोपली बांधलेल्या सायकलवरून भोंगा वाजवत पोदेर वाड्यात शिरला की अजूनही गावाची सकाळ सुरू होते. सायकलीच्या आधी तो पायी यायचा, हातातली घुंगरांची काठी जमिनीवर आपटत.

पण तो सगळ्या दारांशी थांबत नव्हता. पोर्तुगीज राजवटीच्या पहिल्या दोन-अडीचशे वर्षांत ताटात काय आहे यावर माणसाचा धर्म ठरत होता. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं वगळता, इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मपालनाची चौकशी करणारं चर्चचं न्यायासन होतं. १७३६ च्या त्याच्या एका फर्मानात ख्रिस्ती झालेल्यांनी कोणते हिंदू रिवाज सोडायचे याची लांबलचक यादी आहे. त्यात भात शिजवताना मीठ न घालता, नंतर ताटात चवीपुरतं घेण्याचाही निषेध आहे. आळणी भात हा पुरावा! मग दुसऱ्या बाजूनंही ताटावर पहारा बसला यात नवल नाही. विहिरीत पाव टाकला आणि त्या पाण्यानं अख्खा गाव बाटला, ही गोष्ट गोव्यापासून वसईपर्यंत सांगितली जाते. ती खरीच घडली का, कुठं घडली, हा मुद्दा बाजूला ठेवू. पावाकडे लोक कोणत्या नजरेनं पाहत होते हे तिच्यावरून कळतं.

माझी आजी फोंडा तालुक्यातली. तिच्या उतारवयात घरात पाव यायचा, मुलांना मिळायचा, पण ओसरीवर. स्वयंपाकघराचा उंबरा त्यानं कधी ओलांडला नाही. आजी एकादशीला बटाट्याची भाजी करायची, हिरवी मिरची घालून, वर शेंगदाण्याचं कूट. बटाटा, मिरची आणि शेंगदाणा, तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगिजांच्या समुद्री व्यापारामुळे आपल्या किनाऱ्यावर पोचलेले. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. टोमॅटो, काजू, अननस, पपई यांचीही तीच कथा. म्हणजे पोर्तुगिजांमागून आलेला बटाटा थेट उपवासाच्या पानात जाऊन बसला आणि त्यांचाच पाव चारशे वर्षं ओसरीवर राहिला.

असं का झालं, याचं माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. बटाटा कच्चा आला. तो धुता येतो, सोलता येतो, आपल्या चुलीवर आपल्या हातानं शिजवता येतो. पाव शिजूनच आला, परक्या हातचा, परक्या पाण्याचा आणि वर सूर घातलेला. जुन्या सोवळ्याचे नियम शिजवलेल्या अन्नापाशी कडक होतात, कच्च्या जिनसांना ते फारसे अडवत नाहीत. आजीला कुणी सांगितलं असतं की तिचा बटाटाही फिरंग्यांमुळेच आलाय, तर तिनं सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

हा उंबरा ओलांडायला शहर लागलं. १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागून अर्ज लिहिणारे, खेपा घालणारे, खटले लढवणारे आले. मांडवीपलीकडून होडीनं येणाऱ्या माणसाला दुपारपर्यंत पोटाला आधार हवा. ख्रिस्ती गिऱ्हाइकासाठी ताव्हेर्न, म्हणजे दारूची खानावळ, होती. हिंदू माणूस एकतर पाव्हण्यांकडे जायचा, नाहीतर घरून बांधून आणलेलं खायचा.

खरा बदल झाला तो लिस्बनमध्ये. ५ ऑक्टोबर १९१० ला तिथली राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं, आणि पुढच्याच वर्षी चर्च व सरकार यांची फारकत झाली. गोव्यातल्या हिंदूंना कायद्यानं बरोबरीची जागा मिळाली. सरकारी नोकऱ्या उघडल्या, मराठी वर्तमानपत्रं, शाळा, वाचनालयं निघाली. शहरात हिंदू कारकून दिसू लागले, हिंदू दुकानदार वाढले, आणि त्यांना बसून चहा प्यायला जागा हवी झाली. शंभरी ओलांडलेलं पणजीतलं कॅफे टाटो या सुमाराचं. 'कॅफे भोंसले' ही पाटी तर मला नेहमीच वाचण्यासारखी वाटते. पहिला शब्द युरोपातला, दुसरा थेट मराठी आडनावाचा, आणि आत जे मिळतं ते दोघांच्या मधलं.

या हॉटेलांनी एक व्यवहार साधला. पाव ख्रिस्ती पोदेराच्या भट्टीतून पहाटे आयता यायचा. भाजी हॉटेलाच्या मुदपाकखान्यात, घरी व्हायची त्याच पद्धतीनं शिजायची. भाजलेलं खोबरं, धणे, सुकी मिरची, कांदा यांचं वाटप लावून घरोघरी अळसांद्यांचं (चवळीसारखं कडधान्य) किंवा वाटाण्यांचं 'तोणाक' होत असे. तेच थोडं पातळ करून, थोडं सौम्य करून हॉटेलात आलं. भाताचं जेवण करायचं तर ताट, पाणी, वेळ, पंगत सगळं आलं. भाजीचं तसं नाही. पहाटे एकदा मोठ्या टोपात ती शिजवली की दहा वाजेपर्यंत नुसतं वाढायचं काम. पाव गार असला तरी चालतो. मागितल्यावर दोन मिनिटांत बशी टेबलावर. फास्ट फूड हा शब्द कुणाच्या कानावर पडायच्या आधीपासून पणजी हे खात होती.

हे सगळं शिवराक, म्हणजे शाकाहारी, हीदेखील शहाणपणाची गोष्ट. गोव्यातला हिंदू मासे खातो, पण सोमवार पाळतो, श्रावण पाळतो. ख्रिस्ती गिऱ्हाइकाला शिवराक खायला अडचण नाही. सारस्वत, भंडारी, मराठा, गावडा, कुणालाच वाटाण्याच्या भाजीबद्दल तक्रार करता येत नाही. घरी ज्याच्या हातचं पाणी चालत नसे, तो इथं शेजारच्या खुर्चीवर बसला तरी पाहिल्या न पाहिल्यासारखं करता येत होतं. घाई सगळ्यांनाच होती.

पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या वर्षांतला एक तुकडा इथं सांगायलाच हवा. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभा घेतली तिथून मुक्तीच्या चळवळीनं वेग घेतला. १९५५ च्या सुमारास भारत सरकारनं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. बेळगावकडून येणारा भाजीपाला, कांदे-बटाटे बंद झाले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारनं मग जगभरातून माल आणला. तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनमधून आणि बटाटा चक्क हॉलंडमधून. त्या काळातले लोक अजूनही हॉलंडच्या बटाट्याची आठवण काढतात, आणि खरं सांगायचं तर जरा कौतुकानंच काढतात. देशभक्ती एकीकडे, बटाटा दुसरीकडे.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, त्यानंतर गिऱ्हाईक एकदम वाढलं. नव्या कचेऱ्या, महाराष्ट्रातून आलेले अधिकारी, शाळांचे मास्तर, बसगाड्या. १९६२ मध्ये 'गोमन्तक' दैनिक सुरू झालं आणि सकाळच्या भाजी-पावाला वाचायची सोबत मिळाली. दक्षिणेकडून उडुपी पद्धतीची हॉटेलं आली, त्यांनी डोसा, इडली, शिरा आणला. मंगळूर किनाऱ्यावरचे बन्सही त्याच वाटेनं आले. पिकलेलं केळं, दही आणि मैदा मळून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी पुरीसारखं तळायचं. थोडा गोड, फुगलेला बन पातळ भाजीत बुडवून खाणं हे आज गोव्याचंच वाटतं. मला विचाराल तर बन्सला सुकी भाजी बरी नव्हे. पण यावरून घरात भांडणं होतात, म्हणून इथंच थांबतो.

गावागणिक चाल थोडी बदलते. म्हापशाला शुक्रवारच्या बाजारादिवशी भाजी-पावाच्या हॉटेलात उभं राहायलाही जागा नसते, कारण अख्खा बारदेश आणि पेडणे तिथं उतरलेलं असतं. १९८६ मध्ये मांडवीवरचा पूल कोसळला आणि पणजी-बेती फेरीबोटीवर झुंबड उडाली. तेव्हा धक्क्यापासून चालत यायच्या अंतरावरच्या हॉटेलांचा गल्ला कसा होता, ते जुने वेटर अजून रंगवून सांगतात.

संध्याकाळचा कारभार वेगळा, तो गाड्यांचा. तिथं शिवराकपणा संपतो. रोस ऑम्लेट म्हणजे ऑम्लेटवर कोंबडीच्या शागुतीचा (खोबऱ्या-मसाल्याच्या वाटपाचं कालवण) रस, वर कच्चा कांदा, लिंबू आणि सोबत पाव. शेजारच्या गाड्यावर कटलेट-पाव आणि चोरीस-पाव (चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचं गोवेकरी सॉसेज). इथं गंमत अशी की ऑम्लेट आणि पाव पोर्तुगीज वळणाचे, शागुतीचं वाटप मात्र इथल्या पाट्या-वरवंट्याचं. दुपारी बारापर्यंत जी वाटणी हॉटेलात दिसते, तीच रात्री रस्त्यावर दिसते. फक्त वाटाण्याची जागा कोंबडी घेते.

पोदेराचं गणित आता बदललं आहे. माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, सूर महागली, पीठ विकतच्या यीस्टवर फुगू लागलं. बऱ्याच जुन्या ख्रिस्ती कुटुंबांनी भट्ट्या बाहेरून आलेल्यांना चालवायला दिल्या, कारण पहाटे दोनला उठायला घरची मुलं तयार नाहीत. ती शिकली, काही परदेशी गेली. हॉटेलातलीही तीच तऱ्हा. टोपाशी उभा असलेला आचारी अनेकदा कर्नाटकातला असतो, बशी आणणारा त्याहून लांबचा. तो पहिल्या आठवड्यात एवढंच कोंकणी शिकतो : पातळ, सुकी, मिक्स, आणि "आनीक कितें?"

पर्यटकांमुळे काही हॉटेलांत पोळीबरोबर भाजी मिळू लागली आहे, कारण इंटरनेटवर पोईचं नाव झालंय. जुनं गिऱ्हाईक ती मागत नाही. ते साडेआठच्या आत येतं. अकराच्या सुमारास येणाऱ्याला गल्ल्यावरूनच उत्तर मिळतं, "पाव सोंपले. बन्स आसात."